दोन टोले

शनिवार, ५ एप्रिल १९८६

लिही, मालन परब मुलुंडला सुखरूप पोचली. एसटीत फणस फुटला, पण मालन शाबूत आहे.

आधीच सांगून ठेवते, यातलं एकही अक्षर माझं नाही. मला लिहिता येत नाही. शाळा आमच्या वाडीपासून लांब होती आणि म्हशी जवळ होत्या, म्हणून मी म्हशींकडे गेले. मी बोलते आणि शेवंती लिहिते. ही शेवंती आमच्या खालच्याच मजल्यावर एकटी राहते, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सकाळच्या पाळीला जाते आणि दुपारी घरी येते. आज गच्चीवर कपडे वाळत घालायला आली. मी तिला चेकनाक्यावर उतरताना माझ्या फणसाने कंडक्टरची कशी फजिती केली ते सांगायला लागले, तर कपडे पिळायचीच थांबली. म्हणाली, आजी, हे लिहून ठेवायला पाहिजे. तिच्या भावाने मस्कतहून पाठवलेली डायरी कोरीच पडलीय, सोनेरी कडांची. मी म्हटलं, एवढ्या चांगल्या डायरीत माझी बडबड? तर म्हणते, नाहीतरी ती झुरळंच खाणार आहेत. मला झुरळांच्या आधी नंबर मिळाला, हे काय कमी आहे?

माझं मालवणी ती सरळ करून लिहिणार आहे. सरळ कर गो, पण धुऊन काढू नको, असं बजावलंय.

माझा मुलगा दत्ताराम या 'उदयगिरी' इमारतीचा पंपवाला. संपात गिरणी गेली तेव्हा भिंतीकडे बघत बसायचा, मग कुणाच्या तरी हाताखाली पंपाचं काम शिकला. सोसायटीने त्याला गच्चीवर खोली दिलीय, लिफ्टच्या यंत्राला लागून. म्हणजे आम्ही सगळ्या श्रीमंतांच्या डोक्यावर राहतो. अनुपमा, माझी सून, म्हणते, आई, असं मोठ्याने बोलू नका. मला हळू बोलता येत नाही, हे तिला लग्नात सांगायचं राहिलं.

एका बाजूला डोंगर दिसतो, दुसऱ्या बाजूला कारखान्यांची धुराडी. वारा एवढा की लुगडं सांभाळावं लागतं. झकास आहे. (झकास हा शब्द मी दत्तूकडून आजच शिकले.)

शनिवार, १२ एप्रिल

आज मला नोकरी लागली.

ही इमारत बांधणारा माणूस परदेशात राहून आलेला. तिकडच्यासारखे त्याने इथे घराघरात छताला पितळी फवारे लावलेत. प्रत्येकाच्या मध्ये लाल काचेची इवलीशी गोळी. खोलीत आग लागली, हवा तापली की गोळी फुटते आणि वरून पाणी पडतं. कुणी हाक मारायला नको, बादली घेऊन धावायला नको. मी शेवंतीच्या घरी जाऊन मान वर करून बघितलं. म्हटलं, तुझ्या छताने कुड्या घातल्यात, तू कधी घालणार? तिला लग्नाचं विचारलं की ती पेनाचं टोपण चावते. आत्ताही चावतेय. लिही की.

गच्चीवर दोन टाक्या आहेत. एक घरातल्या नळांची, दुसरी फक्त आगीची. आगीच्या टाकीचा पाइप सगळ्या घरांतून, न्हाणीघरांतूनही फिरतो आणि त्याचं शेवटचं टोक येतं आमच्या मोरीत. तिथे एक पितळी नळ आहे, तपासणीचा. त्याचं तोंड मुद्दाम एका फवाऱ्याएवढंच ठेवलंय. दर शनिवारी तो सोडायचा, म्हणजे खरोखर एक फवारा फुटला तर पाणी किती जोराने येईल ते कळतं. दत्तू तेव्हा तळमजल्यावर पंपाच्या खोलीत घड्याळासारख्या काट्यासमोर उभा असतो. काटा थोडा खाली येऊन थांबला, तर सगळं ठीक. थांबलाच नाही, घसरत गेला, तर टाकीत पाणी नाही किंवा पाइप कुठेतरी तुंबलाय. आणि पाणी वाहायला लागलं की खाली भिंतीवरची मोठी घंटा पाण्याच्याच जोराने वाजते, विजेशिवाय. सगळ्या इमारतीला कळतं.

आता तो तळाशी आणि नळ माझ्या मोरीत. हाक कशी पोचणार? तर तो पान्याने पाइपवर टोले देतो. लोखंडातून आवाज असा वर येतो की मोरीत कुणी उभंच आहे वाटतं. दोन टोले म्हणजे सोड. तीन टोले म्हणजे बंद कर. आणि मी तांब्याने पाइपवर एक टोला परत द्यायचा, म्हणजे ओ दिली. आतापर्यंत अनुपमा हे करायची, पण तिचं भांडुपला शिवणकामाच्या कारखान्यात लागलंय, संध्याकाळी येते. म्हणून मी.

दत्तू वर येऊन म्हणाला, आये, तुझी ओ एकदम फर्स्ट क्लास. लहानपणी हा खाडीवर खेळायला जायचा तेव्हा मी हाका मारून मारून घसा फोडायचे, हा ओ द्यायचा नाही. आता मी त्याला ओ देते. उलटं झालं बघ.

शनिवार, २६ एप्रिल

नळाचं पाणी दिवसाआड झालंय. आलं तरी करंगळीएवढी धार. बायका लिफ्टमध्ये एकमेकींशी बोलत नाहीत, फक्त एकमेकींच्या बादल्या बघतात.

आणि इथे दर शनिवारी तपासणीचं पाणी धो धो मोरीतून गटारात जातं. पहिल्यांदा चहासारखं लाल येतं, गंजाचा वास येतो, पण जरा वाहू दिलं की स्वच्छ. माझ्या जिवाला ते बघवेना. गावाला आम्ही विहिरीवर एक घागर दोघींत वाटून घेतलीय. मी नळाखाली हंडा लावला. दत्तूला विचारलं, चालेल? म्हणाला, वाहून जाणारं आहे, भर की. मग बादली, मग पिंप. मग वाटलं, एकटीने काय करायचंय, तर दोन मजले खालपर्यंत बायकांना वाटलं. मला आता पाणीवाली आजी म्हणतात. लिफ्टमन उठून उभा राहतो. वाडीत मला कुणी एवढं विचारलं नव्हतं.

शेवंतीलाही एक हंडा दिला. तिने केस धुतले. मी म्हटलं, आगीच्या पाण्याने न्हालीस, आता तुला नवरा तापट मिळणार. ती एवढी हसली की इथे शाईचा डाग पडला. डाग राहू दे.

शनिवार, ३ मे

दत्तू काल गावी गेला, चुलतभावाच्या मुलीचं लग्न आहे. जाण्याआधी मला शिडीवर चढवून आगीची टाकी दाखवली. काठोकाठ भरलेली, वर आभाळ दिसत होतं. म्हणाला, आये, या शनिवारी तपासणी नाही. मी येईपर्यंत नळाला हात लावू नको. मी म्हटलं, बरं.

मी बरं म्हटलं, हे खरं आहे.

पण आज दुपारी बायका आल्या. एकीचं तान्हं बाळ, लंगोट धुवायला पाणी नाही. एकीची सासू अंथरुणावर पडून. नळांच्या टाकीत काहीच नाही. त्यांना मी काय सांगू, माझ्या डोक्यावर एवढं पाणी आहे पण ते आगीचं आहे? मी नळ सोडला. तशी खाली घंटा वाजायला लागली. चौकीदार धावत वर आला, कुठे जळतंय विचारत. मी म्हटलं, काही नाही बाबा, हात लागला. तो गेल्यावर मी माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याचा पदर फाडला आणि लिफ्टने खाली गेले. आत्याबाईंना भेटायला चालल्यासारखी. घंटेच्या हातोडीला ती चिंधी गुंडाळली, वर मस्त गाठ मारली. आता घंटा वाजते ती कोंबडीने अंड्यावर बसल्यासारखी. टुक टुक. कुणाला ऐकू येत नाही.

शेवंती लिहिताना थांबलीय. म्हणते, आजी, ते आगीचं पाणी आहे. मी म्हटलं, आगीला कुठे तहान लागते? लागली तर बघू. हेही लिही.

लिहिलंस का?

गुरुवार, ८ मे

रोज थोडं थोडं जातंय. धार बारीक झालीय, नळ खोकतो आधी. मी शिडीवर चढून बघत नाही. दत्तू रविवारी येईल, तोवर टँकर बोलवून टाकी भरून घेऊ, सोसायटीचे सेक्रेटरी शिवदास माझं ऐकतात, त्यांच्या घरी पण माझंच पाणी जातं.

शेवंती आज हसली नाही. मी तिच्या एक्स्चेंजमधल्या साहेबाची नक्कल केली तरी नाही. तिने कालचा हंडा भरलेलाच परत आणून ठेवला, मोरीच्या उंबऱ्यावर. म्हणाली, उद्यापासून बंद करा, नाहीतर दत्ताराम भाऊ आले की मीच सांगेन. मी म्हटलं, सांग, तो तुझ्यापेक्षा माझं ऐकतो. ती म्हणाली, आजी, तुम्ही प्रत्येक गोष्टीवर हसता. मी म्हटलं, मग रडू का?

तिचं डोकं दुखतंय. उद्या पाळीवरून आली की गोळी घेऊन झोपणार आहे, लिहायला येणार नाही. रागावलीय. रागावू दे. परवा पाटवड्या करून नेते, राग उतरेल.

रविवार, ११ मे

हे अनुपमा लिहितेय. डायरी आमच्याकडेच राहिली होती. आई सांगताहेत.

शुक्रवारी दुपारी शेवंतीच्या घरी आग लागली. ती गॅसवर काहीतरी ठेवून झोपली होती. स्वयंपाकघर दाराला लागून, त्यामुळे दाराकडे जाता आलं नाही. समोरच्या घरातल्यांना धूर दिसला तेव्हा उशीर झाला होता. ती न्हाणीघरात सापडली. अंगाला आग लागलेली नव्हती, धुरानेच गेली. हातात पितळी तांब्या होता, पार चेमटलेला.

अनुपमा म्हणते, पाणी घ्यायला गेली असेल बिचारी.

मी झोपले होते. मला काही ऐकू आलं नाही.

तिचा भाऊ मस्कतहून येऊ शकला नाही. एक्स्चेंजमधल्या बायका आल्या होत्या.

बस, एवढंच लिही.

बुधवार, १४ मे

अनुपमाच लिहितेय.

दत्तू आला तो सरळ चौकशीतच. अग्निशमन दलाचे साहेब येऊन गेले. शेवंतीच्या छताची लाल गोळी फुटली होती, म्हणजे फवारा उघडला होता. पण लादीवर पाणी ओंजळभरच. टाकीत तळाला चिखल. साहेबांनी घंटा वाजवून बघितली तर व्यवस्थित वाजली. म्हणजे पाणी वाहिलंच नाही, म्हणून वाजली नाही, असं त्यांनी मानलं.

शिवदास सगळ्यांसमोर म्हणाले, पंपवाला टाकी रिकामी ठेवून लग्नाला गेला. पाणी घेणाऱ्या बायकांपैकी एकही बोलली नाही. सगळ्यांच्या घरी तेच पाणी गेलंय. दत्तू म्हणत राहिला, मी भरून गेलो होतो, माझ्या आयेने बघितलंय. पोलिसांनी त्याला दोनदा बोलावलं. आज आला तेव्हा त्याची चप्पल तुटली होती. बसला तो परत भिंतीकडे बघत. संपानंतर बसायचा तसा.

मला म्हणाला, आये, तू तरी सांगशील ना?

मी तोंड उघडलं. आणि म्हटलं, मला कोण विचारतंय, म्हातारीची साक्ष म्हशीसारखी. तो हसलाही नाही.

दुपारी पाइपवर टोले वाजतात. दोन. अनुपमा कामावर असते तेव्हा. दत्तू नाही, दत्तू चौकीवर होता.

हे शेवटचं लिहू नको अनुपमा. लिहिलंस? जाऊ दे.

शुक्रवार, १६ मे

आज शेवंती आली.

तिच्या नेहमीच्या वेळेला. मी मोरीत भांडी विसळत होते, पाठीमागे सोनेरी कडांचं पान उलटल्याचा आवाज झाला. वळून बघते तर मोरीच्या उंबऱ्यावर बसलीय, डायरी मांडीवर घेऊन. माझ्या डाव्या डोळ्याला मोतीबिंदू आहे, उजव्याने बघितलं तरी तीच. केस ओले. धुराचा वास. पेनाचं टोपण चावत नाहीये, एवढाच फरक.

मी घाबरले नाही. आधी वाटलं, पाळीवरून आली. मग आठवलं.

ती बोलत नाही. फक्त लिहायला थांबलीय. तिच्याशिवाय मी कुणाला सांगू? सगळं तिला माहीतच आहे. म्हणून सांगते. लिही शेवंते.

त्या शुक्रवारी दुपारी मी झोपले नव्हते. मी मोरीत होते. नळ सोडलेला, बाळाच्या आईचा हंडा भरत होते. धार अगदी दोऱ्यासारखी. एकाएकी तुटली. मी नळाला शिवी दिली. ते तुझ्याकडे गेलं होतं, ना? तुझी गोळी फुटली आणि उरलेलं घोटभर पाणी तुझ्या खोलीत गेलं. आणि माझा हंडा अर्धा भरलेला.

मग पाइपवर दोन टोले वाजले.

मला वाटलं, दत्तू आला. लवकर आला गावाहून आणि खाली पंपावर जाऊन तपासतोय. काटा बघितला असेल, आता मला विचारेल. मी नळ बंद केला. हंडा खाटेखाली सरकवला, वर गोधडी टाकली. आणि गप्प बसले. परत दोन टोले. जोरात. मी तांब्या हातात धरला होता. एक टोला द्यायचा होता फक्त. मी तो मांडीवर ठेवला. म्हटलं, ओ दिली नाही तर त्याला वाटेल आये झोपलीय.

तू किती वेळा वाजवलंस ते मी मोजलं नाही.

तुला ती खूण माझ्यामुळेच ठाऊक. मीच सांगितली, तूच लिहून घेतलीस. दोन टोले म्हणजे सोड.

नंतर खाली आरडाओरडा झाला, सगळे जिन्याने वर धावले, तेव्हा मी दुसऱ्या बाजूने खाली गेले आणि घंटेची चिंधी सोडली. तू वर — आणि मी चिंधी सोडत होते. गाठ मस्त बसली होती, सुटत नव्हती. दातांनी सोडली.

बघ, हे सांगताना मी एकदाही हसले नाही.

शनिवार, १७ मे

हिरवी चिंधी मी ट्रंकेत तळाशी ठेवली होती. आज काढली. ओली आहे. पिळली तर गंजाचं पाणी निघालं. उन्हात टाकली, वाळली. ट्रंकेत ठेवली. परत काढली — ओली.

अनुपमा म्हणाली, आई, कसला वास येतोय धुराचा. मी म्हटलं, तुझी भाजी करपली असेल. ती म्हणाली, मी अजून चूल पेटवली नाही.

शेवंती आली होती. उंबऱ्यावरून हलत नाही. तिच्या बाजूने लादी ओली होते.

सोमवार, १९ मे

दत्तूला सांगायला बसले होते. खरंच. त्याच्यासमोर ताट ठेवलं आणि म्हटलं, दत्तू, एक सांगायचंय. तो म्हणाला, आये, आधी माझं ऐक. शनिवारी साहेब परत येणार आहेत. त्यांचं म्हणणं, मी कधी तपासणी करतच नव्हतो, नळ गंजून बसलाय. टँकरने टाकी भरून त्यांच्यासमोर तपासणी करायची. मी खाली काट्यापाशी, ते माझ्या बाजूला. तू वर. मी दोन टोले दिले की तू ओ द्यायची, नळ सोडायचा. साहेबांना दिसेल की आमची पद्धत आहे, आम्ही दर शनिवारी करतो. मग खाली ये आणि सांग की मी टाकी भरून गेलो होतो. ते तुझं ऐकतील. नाहीतर मला आत घेणार आहेत.



मी म्हटलं, येते की, लुगडं कुठलं नेसू? साहेब दिसायला बरा आहे का?

तो उठून गेला. ताट तसंच.

शेवंती लिहितेय. तिला हे मी सांगत होते की नाही आठवत नाही. मी बोलायच्या आधीच पेन —

गुरुवार, २२ मे

टोले रोज. दोन. थांबून दोन. मी कानात कापूस घातला. कापसातून येतात. दातांत येतात.

आज मी तांब्याने ओ दिली. एकदा तरी द्यावी म्हणून. दिली तर नळ आपोआप खोकला. पाणी नाही आलं. धूर आला, बारीक, सुतासारखा.

यापुढे ओ देणार नाही. कितीही वाजवू दे. शेवंते, ऐकलंस, मी ओ देणार नाही.

तिने ते लिहिलं. खाली रेघ मारली. रेघ मला वाचता येते.

शनिवार, २४ मे

आज. सगळे खाली आहेत. साहेब, शिवदास, पोलीस, दत्तू. अनुपमाने रजा घेतलीय, तीही खाली. जाताना ती माझ्या पाया पडली. तिला काही माहीत नाही.

मी ठरवलंय. नळ सोडला की लिफ्टने खाली जाणार आणि सगळ्यांसमोर सांगणार. टाकी दत्तूने भरली होती. रिकामी मी केली. चिंधी मी बांधली. टोले मी ऐकले. चारच वाक्यं. सकाळपासून घोकतेय. मध्ये विनोद करणार नाही.

तांब्या सापडत नाहीये.

शेवंती आली. आज लवकर. उंबऱ्यावर बसली, मोरीकडे पाठ करून. नळ तिच्या मागे. मी म्हटलं, आज नको गो, आज मला काम आहे. ती डायरी उघडून बसली —

दोन टोले.

आले. हिचे रोजचे. मी ओ देणार नाही म्हटलंय, हिला कळत नाही का. शेवंते, पुरे. मी सगळं सांगणार आहे, खाली जाऊन सांगणार आहे, आज तरी पाइप वाजवू नको, दत्तूचे टोले ऐकू यायला हवेत.

परत दोन.

मी कान झाकले. थांबेल. थोड्या वेळाने थांबतं. त्या दिवशीही थांबलं होतं.

परत — जोरात —

शेवंते, तुझा एक हात डायरीवर. दुसऱ्या हातात पेन. तू तर इथे बसलीयस.

मग पाइप कोण —

दत्तू.

दत्तू वाजवतोय. साहेब बाजूला उभे आहेत, काटा हलत नाहीये, त्याची आये ओ देत नाहीये. परत दोन. अरे मी आहे, मी ऐकलं रे — आवाज खाली जात नाही, दार — गच्चीचं दार तापलंय, हात लावता येत नाही — दाराखालून धूर —

शेवंते, उठ. मला नळापर्यंत जाऊ दे. तुझ्या मांडीवर तो तांब्या आहे, चेमटलेला, तो दे. एक टोला. एकच द्यायचाय. पेन ठेव. मी बोलत नाहीये तरी तू लिहितेयस. पेन ठेव गो. माझा मुलगा आहे. तो थांबला. नाही, परत वाजवतोय, हळू वाजवतोय, तो दमला, तांब्या दे, मी ओ देते, मी ओ